गाय मेल्यावरही छावणीत राहू देण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, केज,
जि. बीड.

अर्जदार : गुरुलिंग मन्मथप्पा शेटे, धंदा शेती (यंदा नाही), रा. मौजे हिवरदरा, ता. केज. हल्ली मुक्काम जनावरांची चारा छावणी, बोरदरा फाटा.

विषय : गाय मयत झाल्यानंतरही अर्जदार, त्याची पत्नी व आजारी मुलगी यांना छावणीतील जागेवर राहू देण्याबाबत.

संदर्भ : श्री जटाशंकर दूध उत्पादक सहकारी संस्था, बोरदरा, यांनी छावणीतील जागा बुधवारी संध्याकाळपर्यंत रिकामी करण्याबाबत दिलेली सूचना.

महोदय,

१. प्रथम खुलासा. अर्जदारास लिहिता-वाचता येते. त्याने हा अर्ज आधी स्वतःच लिहून आणला होता. तो अर्ध्या पानात संपला आणि त्याच्या शेवटी 'आता कसं करावं ते सांगा' एवढीच विनंती होती. असा अर्ज कोणत्याही टेबलावर टिकत नाही, हे निम्नस्वाक्षरीकार अर्जनवीसास कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून चांगले माहीत झाले आहे. म्हणून अर्जदाराचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकून, तो बोलायचा थांबला तिथे थांबून, पुढे सरकला तसे पुढे सरकून हा अर्ज लिहिला आहे. कुठे कागदाची रीत सुटली असेल तर दोष अर्जनवीसाचा, अर्जदाराचा नाही.

२. अर्जदार हा कोरडवाहू शेतकरी. गावची विहीर दिवाळीलाच बसली. घरात एक लाल कंधारी गाय, पत्नी नीलम्मा व दुसरीत शिकणारी मुलगी शिवगंगा. गाय जगावी म्हणून उन्हाळा लागताच तिघे गायीसह उपरोक्त संस्थेच्या छावणीत आले. हिरव्या जाळीखाली जागा मिळाली, गायीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला गेला, रोज ऊस, थोडी पेंड आणि टँकरचे पाणी सुरू झाले. छावणीचा कारभार संस्थेचे सचिव बंकट यांच्याकडे आहे. त्यांच्याबद्दल अर्जदाराची काडीची तक्रार नाही, हे अर्जदाराने तीनतीनदा लिहायला लावले. इथे एकदाच लिहिले आहे.

३. सदर शिवगंगा हिला थॅलेसेमिया नावाचा रक्ताचा आजार आहे. हा शब्द अर्जदारास आता अडखळल्याशिवाय म्हणता येतो, आणि तो म्हणताना त्याचा चेहरा कसा होतो ते अर्जात लिहिण्याची सोय नाही. आजार असा की मुलीच्या अंगात रक्त धड तयारच होत नाही, जे होते ते लवकर मोडते. रांजण गळका असला की भरत राहावे लागते, तसे तिला दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. वेळेवर दिले की पोर हसते, खेळते, वर्गात पाढे म्हणते. उशीर झाला की पिवळी पडते, धाप लागते, पोट वर येते. आज कचेरीच्या पायऱ्या चढताना ती मध्ये दोनदा बसली. तिचा रक्ताचा दिवस येत्या गुरुवारी आहे. म्हणजे बुधवारी जागा सोडायची आणि गुरुवारी रक्त हवे. अर्जाचे सगळे दुखणे या दोन दिवसांच्या मध्ये आहे.

४. हा आजार कुणाकडून आला, हा प्रश्न साहेबांनाही पडेल म्हणून इथेच उत्तर देतो. अर्जदाराची पत्नी ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. अर्जदाराच्या समाजात मामाची पोरगी करणे रीतीला धरून आहे. घरचे घरात राहते, सुनेला सासर परके वाटत नाही. लग्नात कुणी नाक मुरडले नव्हते. अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावले की दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष आहे. एकट्याच्या अर्ध्या दोषाने माणसाला काही होत नाही. अर्जदाराने आयुष्यभर पोती वाहिली, त्याला पत्ताही नव्हता. पण अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून असे दोन्ही एकाच लेकराच्या वाट्याला आले की आजार पुरा होतो. चार लेकरांत एखाद्याच्या वाट्याला असे यायचा संभव असतो, दर खेपेला तेवढाच. नात्याबाहेरच्या जोडप्यातही हे होते, पण नात्यात दोघांकडे तोच दोष निघायची शक्यता जास्त. लग्नाआधी दोघांचे रक्त एकदा तपासले असते तर कळले असते. ही तपासणी असते हेच दोन्ही घरांत कुणाला ठाऊक नव्हते.

लागण नाही, देवीचा कोप नाही, कुणी करणी केलेली नाही. हे अर्जदाराने नातलगांना सांगून पाहिले. दोघांकडून अर्धे अर्धे आले, ही गोष्ट नातलगांना पचत नाही. त्यांना पुरा दोषी असा एकच माणूस लागतो. अर्जदाराच्या आईने तो माणूस सुनेत शोधला, आणि ती सून आपल्याच भावाची लेक आहे हे ती रागाच्या भरात विसरली. तेव्हापासून नीलम्माचे माहेर आणि सासर, जी एकाच घराची दोन दारे होती, ती दोन्ही बंद आहेत. कायमचा इलाज आहे असेही डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्याला जुळणारे भावंड असले तर बरे. दुसरे लेकरू पोटात असतानाच तपासता येते, हेही त्यांनी सांगितले. नवराबायको ऐकून घेऊन बाहेर आले आणि एसटीत बसले. दुसऱ्या लेकराची त्यांची छाती होत नाही, एवढेच अर्जदाराने सांगितले.

५. मुलीच्या रक्ताचा गट ए निगेटिव्ह, म्हणजे विरळा. उन्हाळ्यात रक्त द्यायला माणसे फिरकत नाहीत, तेव्हा रक्तपेढीत या गटाची पिशवी असेलच असे नाही. नसलेले कोण कुठून देणार, यात कुणाचा कसूर नाही. मार्चच्या शेवटी असाच दिवस आला. अर्जदार छावणीत पाण्याच्या टाकीशी उभा राहून ज्याला त्याला विचारू लागला. आपल्या रक्ताला गट असतो हेच बहुतेकांना नवे होते. मग सचिव बंकट यांनी संस्थेतर्फे छावणीतल्या माणसांची तपासणी ठेवली. जनावरांची तपासणी रोजच होते, माणसांची त्या दिवशी पहिल्यांदा झाली. छावणीत शेकड्यांनी माणसे, त्यांत तिघांचा गट जुळला.

पहिला सटवा, दोन म्हशींचा मालक. तो रात्रीच्या भाकरीच्या वेळी अर्जदाराच्या जागेवर आला आणि म्हणाला, "माझं बी तेच निघालं म्हणतेत. किती काढतेत बे? घागरभर?" अर्जदार म्हणाला, एक पिशवी. सटवा म्हणाला, "मंग कावून रडायलास? चल की." दुसरी छबुबाई, विधवा बाई, दोन बैल घेऊन एकटी आलेली. तिला सुईची लई भीती. ती तपासणीत बोटाला सुई टोचताना भिंतीकडे तोंड करून बैलांची नावे घेत होती असे नीलम्मा सांगते. तिसरे खुद्द सचिव बंकट.

६. साहेब, इथे एक अडचण होती आणि त्या अडचणीतून जे निघाले त्यासाठीच हा अर्ज आहे. छावणीत रोज सकाळी हजेरी होते. मालकाने जनावराजवळ उभे राहायचे, बिल्ला मोबाईलवर टिपला जायचा, मग त्या दिवसाचा चारा. मालक नसला की चारा तुटतो. अंबाजोगाईला जाऊन रक्त देऊन यायचे तर दिवस जातो. त्या वेळी शेजारी मदतीला यावा तर तोही आपल्याच जनावराशी उभा. सटवा चल म्हणाला खरा, पण अंबाजोगाईला जाणाऱ्या जीपकडे निघताना त्याचे पाय अडले. म्हशी उपाशी राहतील ना.

तेव्हा नीलम्मा पुढे झाली. म्हणाली, "भाऊ, तुमच्या म्हशी माझ्याकडं. आमची एकच गाय हाय, ती बी मीच बघते, ह्ये पोरीला घिऊन येतेत. सावड समजा." सावड म्हणजे काय ते साहेबांना सांगायला नको, पण कागदावर असावे म्हणून लिहितो : ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवतो, आज याचे रान, उद्या त्याचे. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही, म्हणून कुणाला मान खाली घालावी लागत नाही. बंकट यांनी हजेरीला नीलम्माला बदली माणूस म्हणून चालवून घेतले, कारण तिची स्वतःची नोंद छावणीत होती. त्या दिवसापासून रक्ताची सावड सुरू झाली. एक जण रक्त द्यायला जातो, नीलम्मा त्याची दावण सांभाळते, शेण काढते, पाणी पाजते. पिढ्यान् पिढ्या औताला चाललेली रीत या लोकांनी सुईला लावली. एक खेप पेढीतल्या पिशवीवर निभावली, आजपर्यंत मुलीचा एकही दिवस चुकला नाही. अर्जदार म्हणतो, दुष्काळाच्या वर्षात त्याची पोर जितकी नीट राहिली तितकी चांगल्या पावसाच्या वर्षात राहिली नव्हती. हे बोलून तो स्वतःच दचकला आणि हे लिहू नका म्हणाला. तरी लिहिले आहे.

७. छावणीच्या मायेचा एक त्रासही नमूद करणे भाग आहे. मुलगी फिकट म्हणजे तिला लोह द्यावे, असा तमाम बायकांचा समज. नीलम्माचाही होता. आजार कळण्याआधी तिने लोखंडी कढईत पालेभाज्या शिजवून, गूळ-शेंगदाणे, खारीक, लाल गोळ्या, जे जे कुणी सांगेल ते पोरीला भरवले होते. वास्तविक या आजारात लोहच वैरी. प्रत्येक पिशवीतून ते अंगात येते, साठत जाते, काळजावर आणि यकृतावर बसते. ते बाहेर काढायला रोज पाण्यात विरघळवून औषध द्यावे लागते. आपण आपल्या हाताने पोरीला गंज भरवत होतो, असे नीलम्मा म्हणते. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितले की आजार त्याने झालेला नाही, तुमचा दोष नाही. तिने मान हलवली. घरातली लोखंडी कढई मात्र तिने त्याच आठवड्यात शेजारणीला देऊन टाकली.

आता छावणीत वच्छलाबाई म्हणून एक म्हातारी आहे. ती रोज पोरीला हाक मारून पदराआडून गुळाचा खडा देते. नको म्हटले की रुसते. जेवणाबरोबर बिनदुधाचा चहा दिला तर लोह कमी मुरते असे दवाखान्यात सांगितले आहे, तेव्हा नीलम्मा भाकरीबरोबर पोरीला काळा चहा पाजते. यावर वच्छलाबाईंनी सगळ्या दावणीला ऐकू जाईल असे म्हटले, "बाई गं, काय आई म्हणावं हिला! लेकराला गूळ न्हाई आन् चहा पाजती!" आजार समजून घेणे किती अवघड असते, याचा हा पुरावा म्हणून जोडता आला असता तर जोडला असता.

८. गेल्या आठवड्यात अर्जदाराची गाय पोट फुगून मेली. नुसत्या उसावर असे होते. पशुवैद्यकीय डॉक्टर वेळेवर आले, नळीही घातली, उपयोग झाला नाही. रीतसर पंचनामा झाला. शिवगंगा गायीच्या मानेला मिठी मारून बसली होती; तिला उठवायला छबुबाईला बोलवावे लागले.

आणि गाय गेली तशी अर्जदाराची छावणीतली नोंद गेली. छावणी जनावरांसाठी आहे. माणसे जनावरांमुळे राहतात. जनावर नाही त्याला जागा नाही, पाणी नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला दुसऱ्याच्या दावणीत उभे राहून हजेरी देता येत नाही. नियम रास्त आहे. तो नसता तर छावणीत बैलांपेक्षा पुढारी जास्त झाले असते. हे मत अर्जनवीसाचे आहे. जागा रिकामी करण्याची सूचना बंकट यांनी स्वतः आणून दिली. आदल्याच दिवशी कळले होते की एकदा रक्त दिले की तीन महिने पुन्हा देता येत नाही आणि त्यांचे तेवढे दिवस भरलेले नाहीत, नाहीतर गुरुवारी तेच गेले असते. सूचनेचा कागद पुढे करताना ते एवढेच म्हणाले, "गुरुलिंगप्पा, वरून तपासणी येतीय. मी काय करू? तुमीच सांगा." अर्जदाराने कागद घेतला व त्यांना पाणी दिले.

९. येत्या गुरुवारी सावड छबुबाईची आहे, तिची पहिलीच. सटवाचेही दिवस भरलेले नाहीत. छबुबाईचा एक बैल मारका आहे, तो तिच्याशिवाय फक्त नीलम्माला जवळ येऊ देतो. नीलम्मा छावणीबाहेर गेली तर छबुबाई बैल टाकून जाऊ शकत नाही, आणि तिने जावे असे म्हणायला अर्जदाराची जीभ उचलत नाही. तिच्याकडे त्या बैलांशिवाय दुसरे कुणी नाही. हिवरदऱ्याला परत जावे तर तिथे कुलपे आहेत. अर्धे गाव छावण्यांत, अर्धे पुण्याकडे.

१०. सटवाने एक तोड काढली होती. म्हणाला, "माझी एक म्हैस तुमच्या नावावर लावू. म्हशीला काय कळतंय मालक कोण ते!" अर्जदाराने नकार दिला. खोटी नोंद सापडली की छावणीवर बोट येते, बंकट अडकतात आणि शेकडो जनावरांच्या तोंडचा घास जातो. पोरीसाठी एवढ्या जनावरांचा तळतळाट त्याला नको. दुसरे जनावर घेण्याची ऐपत नाही, हे एका वाक्यात आटोपतो.

सबब अर्जदाराची पुढीलप्रमाणे मागणी आहे. पहिली अशी की विशेष बाब म्हणून तिघांना जनावराविना राहू द्यावे. ही मागणी नियमात बसणार नाही असे अर्जनवीसाने त्याला स्पष्ट सांगितले. त्यावर त्याने मांडीवर झोपलेल्या मुलीला लिंबाच्या सावलीत आणखी आत सरकवून घेतले आणि मग दुसरी मागणी सांगितली. ती त्याच्याच शब्दांत देतो, कारण ती माझ्या शब्दांत लिहायला माझा हात धजत नाही :

"मंग पोरीलाच जनावरात धरा. गायीच्या जागी. मोठ्यात न्हाई, ल्हान्यात. ती खोटी न्हाई, खरी हाय, हजेरीला उभी ऱ्हाईल. चारा नको, पेंड नको. पाणी बी ती आमच्याच वाट्यातलं पिईल."

म्हणजे सदर शिवगंगा हिची नोंद मयत गायीच्या ठिकाणी 'लहान जनावर' या सदरात, चाऱ्याच्या हक्काविना घेण्यात यावी, व अर्जदार आणि त्याची पत्नी यांची नोंद तिचे मालक म्हणून कायम ठेवावी. दावणीला बांधण्याची अट तेवढी शिथिल व्हावी. संध्याकाळी ती कुठे पळून जाईल एवढी ताकद तिच्यात सध्या नाही.

११. साहेब, अर्जनवीसाने आजवर या लिंबाखाली हद्दीचे, वाटेचे, विहिरीचे, वारसाचे अर्ज लिहिले. जिवंत माणूस मेल्याची नोंद झाली म्हणून तो जिवंत असल्याचे अर्ज लिहिले. माणसाला जनावर करून घ्या असा अर्ज पहिल्यांदा लिहितो आहे आणि लिहून थकलो आहे. अर्जदार वेडा नाही. तो सगळे नियम पाळणारा माणूस आहे, म्हणूनच त्याला हे सुचले. आपण पहिली मागणी मान्य केलीत तर दुसरी वाचली नाही असे समजावे. तसे झाले तर आम्हा दोघांनाही बरे वाटेल. हुकूम बुधवारच्या आत व्हावा. गुरुवारी झालेला हुकूम चांगला असला तरी छबुबाईला न्यायची जीप तोवर तिच्याविना निघून गेलेली असेल.

आपल्या दारी नम्रपणे बसलेला,
(सही)
गुरुलिंग मन्मथप्पा शेटे

अर्ज लिहिणार : राधाकिशन अर्जुनराव थोरात, अर्जनवीस, केज
दिनांक : २७ मे २०१९

सोबत :
१) मुलीच्या आजाराबाबत दवाखान्याचे प्रमाणपत्र, छायांकित प्रत.
२) गायीच्या मृत्यूचा पंचनामा.
३) जागा रिकामी करण्याबाबत संस्थेची सूचना.
४) सटवा, छबुबाई व सचिव बंकट यांचे रक्त देण्यास तयार असल्याबद्दल संमतिपत्र. (सचिवांनी सूचना व संमती या दोन्ही कागदांवर सही केली आहे. सही एकाच माणसाची आहे, शंका घेऊ नये.)
५) मयत गायीच्या कानातील पिवळा बिल्ला. नियमाप्रमाणे तो परत करणे आवश्यक आहे, परंतु सोबत जोडलेला नाही. मुलीने तो दोऱ्यात ओवून गळ्यात, इष्टलिंगाच्या शेजारी बांधला आहे. मागितला की मुठीत घट्ट धरते आणि म्हणते, "बिल्ला दिला की आपल्याला काढतेत." बाप काढायला गेला होता. त्याच्याने झाले नाही.